साधनेबद्दल तुम्ही विचारलेत म्हणून

लायडन, नेदरलँड्स,
फाल्गुन शुद्ध दशमी

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "साधना नियमित चालू आहे ना?" आणि मी विषय बदलला. तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. गेल्या श्रावणापासून मी साधना सोडली आहे. त्यामागे आळस नाही आणि कोणावरचा रागही नाही.

सहा वर्षे मी पहाटे साडेचारला उठून आसनावर बसत होतो आणि त्या बैठकीची मिनिटे वहीत मांडून ठेवत होतो. ती वही एकदा मागून पुढे चाळताना माझ्या ध्यानात आले, की मी शांततेचाही जमाखर्च लिहू लागलो आहे. चहा पितानासुद्धा आपण तो सजगपणे पितो आहोत की नाही हे तपासण्यात कप रिकामा होई आणि चव जिभेवर राहत नसे. आयुष्याचा अर्थ पुढे कधीतरी हाती लागेल आणि तोवरचे सगळे दिवस ही केवळ त्याची तयारी आहे, असे मी धरून चाललो होतो.

ती समजूत सुटली काटवाइकच्या किनाऱ्यावर. जुनी ऱ्हाइन नदी तिथे समुद्राला मिळते. शेजारच्या दोन मुलांना घेऊन गेलो होतो. भरती चढत होती आणि ती दोघे वाळूचा बांध घालत होती, तेव्हा मीही गुडघे टेकून बसलो. पाणी पायथ्याला लागले की ओंजळीने ओली वाळू थापायची, एक कोपरा खचला की दुसऱ्याने धावत जाऊन तो सावरायचा, असे तासभर चालले. बोटे थंडीने बधिर झाली होती. बांध टिकणार नाही हे तिघांनाही ठाऊक होते, तरी कोणी कामात कुचराई केली नाही आणि तो वाहून गेला तेव्हा मुले आनंदाने ओरडली. खेळ म्हणजे बेफिकिरी, असे मी उगाच मानत आलो होतो. इथल्याच विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या योहान हौझिंगा यांनी १९३८ साली मांडले, की खेळ संस्कृतीहून जुना आहे. जनावरे माणसाने शिकवण्याची वाट न पाहता खेळतात. आपल्या गोठ्यातली वासरे आठवली की ते लगेच पटते.

आप्पा, सुट्टीत तुम्हीच मला ब्रह्मसूत्रातले 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्' समजावून दिले होते. ईश्वराने सृष्टी निर्माण केली ती काही मिळवण्यासाठी नाही, ती केवळ लीला आहे, असे त्यात म्हटले आहे आणि शंकराचार्य तिथे श्वासोच्छ्वासाचा दाखला देतात, कारण तो बाहेरच्या कोणत्याही हेतूवाचून चालतो. त्याच श्वासाला हेतू चिकटवून मी सहा वर्षे तो मोजत बसलो होतो.

मला खरे शिकवले ते मात्र तुमच्या शिमग्याने. ढोलाचा ठेका वाढला की तुमच्या खांद्यावरचा पंचा घामाने भिजतो, डोळे मिटतात आणि पालखीखाली तुम्ही गुडघ्याचे दुखणे विसरून गिरकी घेता. पालखी खूण काढते, म्हणजे जमिनीत पुरलेला नारळ शोधते, तेव्हा तो सापडेपर्यंत सारी वाडी श्वास रोखून उभी असते. त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर कसलेही मागणे मी कधी पाहिलेले नाही. तसे आता मला भाकरी थापताना, कार्यालयात एखादे अडलेले गणित सोडवताना, सायकलवरून वाऱ्याशी झुंजताना होऊ लागले आहे. देवावरचा माझा विश्वास कमी झालेला नाही, एवढे आईलाही सांगा.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे तुमचे गणित इथल्या समुद्राला जसेच्या तसे लागू पडत नाही, पण मी अजून रोज करतो. आज दशमी, म्हणजे गुहागरला साडेसातला पूर्ण भरती. पौर्णिमेपर्यंत गुडघ्याला तेल लावत राहा, आणि पट्टा बांधल्याशिवाय पालखीला खांदा देऊ नका.

आपला,
बाळ