एर्मच्या काठावर मला थांबवणाऱ्या आजींना

आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुमच्याकडे अनोळखी बाईला आजी म्हणत नाहीत, ठाऊक आहे मला. पण मराठीत पत्र लिहायला बसले आणि दुसरं संबोधन जमेना.

एर्म नदीच्या मुखाशी, इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर, घोट्यापर्यंत पाण्यात उतरलेली, पाठीवर छोटी सॅक असलेली जी बाई तुम्ही हाका मारून मागे बोलावलीत, ती मी.

साउथ वेस्ट कोस्ट पाथ, म्हणजे तिथल्या किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा पायी वाटेचा मार्ग, १०१४ किलोमीटरचा. बारा दिवसांच्या सुट्टीत तो सगळा होणार नव्हता, म्हणून प्लिमथहून पूर्वेकडे जमेल तितका पळायचं ठरवलं होतं. तस्करांवर नजर ठेवणारे तटरक्षक पूर्वी याच वाटेने गस्त घालायचे, त्यामुळे ती जमेल तिथे प्रत्येक कोनाड्यात डोकावते: उतरते, चढते, पुन्हा उतरते. पळणाऱ्याच्या मांड्यांना हा इतिहास फार लवकर पाठ होतो. नॉस मेयो गावाहून सकाळी निघाले तेव्हा डोक्यात एकच हिशोब होता. एर्मवर होडी नाही, पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चालत उतरता येतं, नाहीतर रस्त्याने लांबलचक वळसा. माझ्या कागदावर ओहोटी अकरा चाळीसला होती आणि मी दहा पन्नासला काठावर. स्वतःवर खूश होते मी!

तुम्ही कागद मागितलात, चष्मा कपाळावर सरकवून वाचलात आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलंत: जीएमटी, म्हणजे ग्रीनिचची प्रमाणवेळ. उन्हाळ्यात तुमची घड्याळं तासभर पुढे असतात. ओहोटी बारा चाळीसला होती. पाणी अजून जोरात समुद्राकडे ओढत होतं आणि मी त्यात निघाले होते.

खरं सांगते, तेव्हा मी चिडले होते. कपडे घामाने भिजलेले, अंग गार पडत चाललेलं, आणि एक परकी बाई मला तासभर बसवून ठेवतेय. तुम्ही वाद घातला नाहीत. वाळलेली काटकी उचलून अगदी पाण्याच्या कडेला खोचलीत आणि थर्मास उघडलात. तुमचा कुत्रा माझ्या बुटांवर डोकं टेकून झोपला. वीसेक मिनिटांनी बघितलं तर काटकी आणि पाणी यांच्यामध्ये चार-पाच पावलं ओली, सुरकुतलेली वाळू. त्यानंतर मी घड्याळ पाहिलंच नाही, काटकीकडेच बघत राहिले.

तुम्ही मला किती किलोमीटर पळतेस, कशासाठी पळतेस, एकटी कशी, यातलं काहीच विचारलं नाहीत. वाटेत भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारलं होतं. त्याचे वेगळे आभार.

निघताना सॅकचे छातीवरचे आणि कमरेचे पट्टे तुम्ही स्वतः सोडलेत, म्हणजे पाय घसरला तर ती झटकन काढून टाकता येईल. पाय उचलू नकोस, घासत टाक, म्हणालात. पाणी गुडघ्याच्या थोडं वर आलं. एवढंच. पण गुडघाभर पाणीही पिंडऱ्या कसं खेचतं ते मधोमध गेल्यावर कळलं, आणि तासापूर्वी ते कुठवर आलं असतं याचा विचार मी पलीकडे पोचेपर्यंत मुद्दाम केला नाही.

पलीकडच्या काठावरून वळून पाहिलं तर तुम्ही अजून तिथेच उभ्या होतात. मी हात हलवला, तुम्ही कुत्र्याचा पट्टा हलवलात, आणि मगच वळलात.

तो कागद मी जपून ठेवलाय. पाण्याने शाई पसरलीय, पण त्या रात्री प्रत्येक वेळेपुढे पेनाने लिहिलेलं 'अधिक एक' वाचता येतं. पुढे सिडमथपर्यंत पोचले. तुमच्या चहाचं झाकण मात्र चुकून माझ्याच सॅकमध्ये आलं, त्याबद्दल माफ करा.

तुमची,
पाण्यातून परत बोलावलेली