पट्टा धरून उभ्या राहिलेल्या मामांना

मामा, नमस्कार. मोबाईलवर तुम्ही फक्त फोन घेता, पण तुमची नात वाचून दाखवते म्हणाली, म्हणून टाईप करतोय.

काल आजोबांच्या वस्तऱ्याने पहिल्यांदा अख्खी दाढी केली. कुठे कापलं नाही (हनुवटीखाली जरासं, ते सोडा). आरशासमोर उगाच डोळे भरून आले, बायको म्हणाली आफ्टरशेव्ह झोंबलं का, म्हटलं हो.

तुमच्याकडे यायच्या आधी आठ महिने मी काय काय करून बसलो होतो ते लाजेने पूर्ण सांगितलंच नव्हतं. वस्तरा चांगला, जर्मनीतल्या सोलिंगनचा, दगडावर धार लावून आणलेला. बोंब सगळी पट्ट्याची, म्हणजे दाढीआधी वस्तरा ज्या चामड्यावर ओढून धार नीट करतात त्याची. पहिला ऑनलाईन मागवला, 'शंभर टक्के लेदर', दोन महिन्यांत वरचा पापुद्रा सुटला आणि आतून पुठ्ठ्यासारखा भुगा. दुसरा एका चकाचक दुकानातून, तिथल्या दाढीवाल्या पोराने (स्वतः ट्रिमर वापरत असणार, पैज) फळीवर चिकटवलेलं चामडं आणि हिरव्या पेस्टची कांडी गळ्यात मारली, वर म्हणे रोज लावा. ती पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साईड, पोलाद घासते ती, रोज लावायची गोष्टच नाही. धार गेली म्हणून परत गेलो तर 'सर, तुमची टेक्निक चुकतीये'. चुकतच होती हो, पण विकताना सांगायचं ना! तिसऱ्यावर वस्तरा वळवताना पात्याच्या पाठीवर लोळवायच्या ऐवजी मी धारेवरच उलटवला, चामड्यात बोटभर चीर. फोटो पाठवून विचारलं, हे दुरुस्त होतं का, तर विकणाऱ्याकडून हसऱ्या स्मायली. तीन. मोजल्यात मी.

आणि मग कोल्हापूरला मावशीकडे आलेलो असताना तुमचं दाढी-कटिंगचं दुकान. आता मुलगा बघतो, दर गिऱ्हाईकाला नवं अर्धं ब्लेड, आणि ते बरोबरच आहे, पण तुमचा जुना पट्टा अजून खिळ्याला होता, काळाकुट्ट, मधे आरशासारखा. माझा चिरलेला पट्टा तुम्ही नाकाला लावलात आणि म्हणालात, "क्रोमचं हाय, सोफ्याला बरं." (म्हणजे झाडाच्या सालीऐवजी क्रोमियमच्या रसायनात कमावलेलं.) मग मला घेऊन चप्पलवाल्यांकडे, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं चामडं, न रंगवलेलं, तळहाताने घासून घासून बघत होतात, एवढं तर मी लग्नाची साडी घेताना कुणाला बघताना पाहिलं नाही. तीन इंच रुंदच घे म्हणालात, पातं सगळं बसतं, दोन इंचावर तिरकं ओढावं लागतं आणि नवख्याचा हात तिथेच चुकतो. मागच्या बाजूला जाड सुती कापड, आधी त्यावर, मग चामड्यावर. झालं. एवढंच हवं होतं मला आठ महिने.

पण मामा, पट्ट्यासाठी नाही लिहीत आहे. खिळा माझ्या मानाने उंच होता, तर तुम्ही पट्ट्याचं दुसरं टोक स्वतः हातात धरलंत आणि उभे राहिलात. या वयात, अर्धा तास. डोळे मिटून. मी वस्तरा ओढायचो आणि तुम्ही तिकडून न बघता सांगायचात, "दाबलास." परत. "आता सैल पडला, धार गोल व्हईल." परत. "हां, आता नुसत्या वजनानं गेला." चामड्यातून तुमच्या बोटांना कळत होतं माझा हात काय करतोय! मधे दोन गिऱ्हाईकं आली, मुलगा हाक मारत होता, तुम्ही टोक सोडलं नाहीत. आणि मी दुसऱ्यांदा चीर पाडली तेव्हा हसला नाहीत, खिळ्यावरचा तुमचा पट्टा उलटा करून खालची एक जुनी, घासून गुळगुळीत केलेली चीर दाखवलीत. "ही माझी. बापानं कानाखाली दिली हुती." पुढे काही बोलला नाहीत.

पैसे घेतले नाहीत, चहा पण तुम्हीच पाजलात. अशी माणसं असतात म्हणून आपलं चालतं, नाहीतर नुसत्या स्मायली.

पट्टा बाथरूमच्या दाराला टांगलाय, खिळा खाली घेतला. पोरगा बघून विचारतो, बाबा मी धरू का टोक? सध्या नाही म्हटलंय, माझाच हात अजून कधीकधी दाबतो. दिवाळीत येतोय, वस्तरा घेऊनच. डोळे मिटून बसा.