मुलांच्या मेंदूतील गाठी आणि डॉक्टरांची संयुक्त बैठक

महोदय,

माझ्या सात वर्षांच्या भाचीला सकाळी उठल्याउठल्या डोकेदुखी आणि उलट्या होत असताना ठाण्यातील एका दवाखान्यात दोन महिने पित्ताचीच औषधे दिली गेली. ती भिंत धरून चालू लागली, तेव्हा कुठे एमआरआय झाला. लहान मेंदूत मेडुलोब्लास्टोमा ही कर्करोगाची गाठ निघाली. मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्याच गाठी आढळतात, हे आम्हाला तेव्हा कळले.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच रेडिएशन सुरू व्हावे लागते. आमचे ते दिवस मात्र फाईल काखेत घेऊन एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे जाण्यात गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार या गाठीचा जनुकीय प्रकारही तपासला जातो, आणि तीन वर्षांखालील मुलांत वाढत्या मेंदूला जपण्यासाठी रेडिएशन शक्यतो टाळतात, त्यामुळे न्यूरोसर्जन, बालकर्करोगतज्ज्ञ, रेडिएशनतज्ज्ञ व पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसूनच निर्णय घ्यायला हवा. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या कर्करोग संस्थेत प्रोटॉन उपचारही, म्हणजे आजूबाजूच्या निरोगी भागाला कमी मार बसणारे रेडिएशन, होतात.

ठाण्यातील रुग्णालयांनी असे प्रत्येक मूल संयुक्त बैठकीत मांडावे आणि फिजिओथेरपिस्ट व हार्मोनतज्ज्ञ यांनाही पहिल्या दिवसापासून त्यात बसवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)