कॅलिपर घरी खोलायचा की नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रेकच्या कामाला घरी हात लावू नका असं एका वाचकाने आपल्या अंकात लिहिलं होतं. काळजीपोटी लिहिलंय हे कळतं, पण मला ते अर्धंच पटलं. आमच्याकडे कोकणात पावसाळाभर दारात उभी असलेली गाडी गणपतीला आलेली मंडळी बाहेर काढतात आणि पुढचं एक चाक धरून बसलेलं असतं, गाडी एका बाजूला ओढते, रिमला हात लाववत नाही इतकी तापते. गॅरेजवाला वाकून बघतो न बघतो तोच म्हणतो कॅलिपर जाम, अख्खी असेंब्ली बदला. कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोराने दोन पॅड दाबून चाकाची डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग. बरेचदा आत गेलेलं काय असतं तर दोन-चार रबरं आणि कोरड्या पडलेल्या पिना!

आपल्या छोट्या गाड्यांना पुढे बहुतेक एका पिस्टनचा कॅलिपर असतो, तो दोन पिनांवर सरकतो. पिना अडकल्या की आतला पॅड संपतो आणि बाहेरचा जवळपास नवाच दिसतो, खोलल्यावर पहिलं हेच बघावं. पिस्टनभोवती चौकोनी कापाचं सील असतं, ब्रेक दाबला की ते किंचित पिळवटतं आणि पाय काढला की मूळ जागी येताना पिस्टनला मागे ओढतं, दुसरी स्प्रिंग वगैरे काही नसते. हे सील कडक झालं किंवा डस्ट बूट, म्हणजे धूळ अडवणारं रबरी आवरण, फाटून पाणी शिरलं, गंज धरला, की पिस्टन बाहेर येतो पण मागे जायचं नाव घेत नाही.

आता राग कशाचा सांगतो. घरी करू नका म्हणणाऱ्यांनी एकदा नाक्यावरच्या गॅरेजात उभं राहून बघावं. काही ठिकाणी कॅलिपर सरळ डिझेलच्या डब्यात बुडवतात आणि पिनांना बेअरिंगचं ग्रीस फासतात. ब्रेकची रबरं साधारणपणे ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात, पेट्रोल डिझेल साधं ग्रीस लागलं की फुगतात, मग गाडी परत जाम आणि दोष कंपनीला. धुवायला ब्रेक क्लीनर, पिनांना सिलिकॉन ग्रीस, आणि नवीन सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बोटाने बसवायचं, स्क्रूड्रायव्हर अजिबात नाही. एवढं तर घरी कोणीही नीट करू शकतो.

पिस्टन काढताना मात्र खरा धोका आहे. कॉम्प्रेसरची हवा फुल मारली तर तो धाडकन सुटतो आणि मध्ये बोट असेल तर बोट गेलंच, म्हणून समोर लाकडाची फळी घालायची आणि हवा अगदी थोडी थोडी सोडायची. पिस्टनच्या क्रोमवर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर घासत बसू नका, पिस्टन नवा घ्या. दोन्ही कॅलिपर एकदम खोलले तर डावा-उजवा खुणा करून ठेवा, अदलाबदल झाली की हवा काढायचा निपल खाली येतो, मग कितीही पंप मारा वरची हवा निघत नाही आणि पेडल स्पंजसारखंच राहतं. ब्रेक ऑइल डॉट ४ या प्रतीचं लिहिलं असेल तर तेच. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी ओढल्यावर तो १५५ पर्यंत चालतो असं मानक आहे, आंबा घाट साखरप्याकडे उतरताना हा फरक पायाला कळतो. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नये. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, कारण पहिल्या दाबाला ते तळाला जातं.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करणार असाल, मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल किंवा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर त्या वाचकाचं ऐका, घरी नको.

पण बाकीच्यांनी करायचं तरी कसं? स्पेअरच्या दुकानात असेंब्ली काउंटरवर तयार असते आणि नुसत्या सील-रबरांचं किट मागितलं की ऑर्डर करावं लागेल, दोन आठवडे थांबा. दुकानदारांनी चालणाऱ्या गाड्यांची किटं तरी ठेवावीत, आयटीआयच्या मोटर मेकॅनिक विभागाने गाडीमालकांसाठी रविवारी एखादा वर्ग घ्यावा, फी घेतली तरी लोक येतील. आणि किटसोबत होजच्या (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीच्या) बोल्टचे तांब्याचे वॉशरही द्या हो, जुनेच परत लावले की तिथूनच ऑइल पाझरतं.

- एक वाचक, रत्नागिरी