‘हो’ नेमके कशाला, ते आधी विचारा

महोदय,

बुशक्राफ्ट, म्हणजे मोजक्या साधनांनिशी रानात राहण्याची कौशल्ये, शिकणाऱ्यांना चाकूची धार, गाठी, चकमकीची ठिणगी हे सगळे कोणीतरी नीट समजावून सांगते. ‘जमीनमालकाची परवानगी घ्या’ ही सूचना मात्र एका ओळीत उरकली जाते, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. “एक रात्र राहू का?” या प्रश्नाला मालक “राहा” म्हणतो. त्याच्या मनात एक तंबू असतो, विचारणाऱ्याच्या मनात शेकोटी, कुऱ्हाड आणि आणखी चार मित्र. सकाळी काळी पडलेली जमीन आणि तोडलेली फांदी पाहून मालकाला फसवले गेल्यासारखे वाटते. ते रास्तच आहे. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला मग तिथे नकार मिळतो.

झोपणे, विस्तव, लाकूड, खणणे, वाहन आणि माणसांची संख्या या सहा वेगवेगळ्या परवानग्या आहेत. ज्या देशांत दुसऱ्याच्या जमिनीवर वावरण्याचा हक्क सर्वांना आहे, तिथेही त्या वेगळ्याच मानल्या जातात. फिनलंडमध्ये तंबू टाकायला मालकाची परवानगी लागत नाही, उघड्यावर आग पेटवायला मात्र लागते. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात मुक्काम करता येतो. पण तंबू राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर हवा आणि न विचारता एका जागी दोनच रात्री राहता येते. दोन रात्रींच्या मर्यादेतून सूट आहे ती फक्त उंच डोंगरांत व दूरच्या निर्जन भागात. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या सामाईक माळरानावर मुक्कामाचा हक्क आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२५ मध्ये निकाल मुक्काम करणाऱ्यांच्या बाजूने लागला, पण तो त्या माळरानापुरताच. बाकी खासगी जमिनीवर तिथेही विचारावेच लागते.

विचारायचे कोणाला, हे वाटते तितके सोपे नसते. जमिनीच्या सरकारी नोंदीत मालकाचे नाव सापडते. पण जमीन खंडाने दिलेली असेल तर ताबा कसणाऱ्याकडे असतो आणि त्याचा होकारही लागतो. चराईचा, झाडतोडीचा किंवा मासेमारीचा हक्क तिसऱ्याच कोणाकडे असू शकतो. मालक अनेक असतील तर एका भावाच्या होकारावर दुसरा भाऊ रात्री येऊन उठवू शकतो, म्हणून “आणखी कोणाला सांगायला हवे का?” हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. शेजारच्या जमिनीवाल्यालाही कळवावे. रात्री रानात दिवा दिसला की पोलिसांना फोन बहुधा तोच करतो.

पहिली भेट दिवसाढवळ्या घ्यावी, सुगीच्या किंवा जनावरे विण्याच्या धांदलीत घेऊ नये. एक-दोघांनीच जावे, साध्या कपड्यांत, कमरेला चाकू न लावता. बोलणे दोन मिनिटांचे असावे आणि हातात एक पानाची चिठ्ठी द्यावी. मालकाला घरच्यांशी बोलायला वेळ मिळतो, आणि काय ठरले ते दोघांकडे लेखी राहते. मजकूर असा असावा: “आम्ही तिघे शनिवारी दुपारी चारला येऊन रविवारी सकाळी दहाला निघू. एक गाडी, ती तुम्ही सांगाल तिथे उभी राहील. ओढ्यापलीकडच्या झाडीत दोन ताडपत्र्या बांधून झोपू. या वेळी विस्तव करणार नाही. जिवंत झाड तोडणार नाही, काही खणणार नाही, कुत्रा आणणार नाही. तुम्ही कधीही जायला सांगितलेत तर लगेच निघू.” खाली नावे, पत्ते, फोन नंबर. ‘कधीतरी येऊ’ अशी मोघम विनंती नाकारणे सोपे असते. तारीख, वेळ आणि जागा ठरलेली असेल तर होकार देणाऱ्याला आपण किती देतो आहोत ते दिसते.

पहिल्या मुक्कामात विस्तव मागूच नये, असे आमचे ठाम मत आहे. मालकाच्या मनातली खरी भीती बहुधा आगीचीच असते आणि ती निराधार नसते. कुजलेल्या पाल्याच्या जाड थरात किंवा पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, जमिनीत ठिणगी वरून विझते, पण आत मुळांच्या वाटेने दिवसचे दिवस धुमसत राहते आणि पाहुणे गेल्यावर भलतीकडेच वर येते. अशा जमिनीत खड्डा खणून केलेली शेकोटी सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात ती आग थेट जळाऊ थरात नेऊन ठेवते.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विस्तव मागायचा तर तो कसा करणार हे सांगून मागावा. पायांवर उभी राहणारी लोखंडी पेटी सर्वांत बरी. ती नसेल तर जाड कापड अंथरून त्यावर पालापाचोळा नसलेल्या मातीचा ८ ते १२ सेंटीमीटर जाड आणि सुमारे ६० सेंटीमीटर रुंद ओटा करावा, आणि आग त्याच्या मधोमध, हातभरच ठेवावी. माती ओढ्याच्या कोरड्या पात्रातून किंवा उन्मळलेल्या झाडाच्या मुळाशी मिळते. ती घेण्याचीही परवानगी हवी आणि ती परत तिथेच टाकायला हवी. भोवतीचे तीन मीटर सुके गवत-पाला बाजूला करावा, वर फांद्या नसाव्यात, आणि काडी ओढण्याआधी किमान १० लिटर पाणी हाताशी असावे. दगडांचे कडे करू नये: दगड कायमचे काळे पडतात, आणि नदीतल्या दगडात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटून उडतात. जळण अंगठ्याएवढे जाड असेल तर त्याची पूर्ण राख होते. ओंडका अर्धवट राहतो आणि आत निखारा जपून ठेवतो. झोपण्याच्या तासभर आधी लाकूड घालणे थांबवावे, मग पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे. शेवटी हाताची मागची बाजू आधी राखेवर धरावी, मग राखेत घालून पाहावी. ऊब लागली तर विझलेले नाही. वारा असेल किंवा आगबंदीचा आदेश असेल तर मालकाने हो म्हटलेले असले तरी विस्तव करू नये. मालकाचा होकार सरकारी बंदीच्या वर नाही.

लाकडाचेही तसेच. ‘वाळलेले घेऊ’ एवढे पुरत नाही. उभे वाळलेले झाड जळणाला उत्तम खरे, पण त्याच्याच ढोलीत पक्षी आणि वटवाघळे राहतात, आणि मालकाने ते त्यासाठीच ठेवलेले असू शकते. पडलेले घ्यायचे की उभे, कोणत्या झाडाचे, किती जाडीपर्यंत, हे जागेवर बोट दाखवून ठरवावे. चमचा कोरायला किंवा खुंट्या करायला ओले लाकूड हवे असेल तर मालकच कुठली झाडी विरळ करणार आहे ते विचारावे. हॅमॉकची, म्हणजे दोन झाडांना टांगायच्या झोळीची, दोरी झाडाला थेट बांधू नये. ४–५ सेंटीमीटर रुंद पट्टा लावला तर साल कापली जात नाही. जिवंत खोडात कुऱ्हाड रोवून ठेवण्याची सवय तर सोडूनच द्यावी, त्या जखमेतून बुरशी शिरते.

फासे आणि सापळे लावायला शिकायचे तर ते बांधून पाहावेत आणि तिथेच लगेच सोडवून टाकावेत, क्षणभरही लावून ठेवू नयेत. शौचाला पाण्यापासून ६० मीटर दूर, १५–२० सेंटीमीटर खोल खड्डा, तोही खणण्याची परवानगी असेल तरच. एरवी पिशवीत बांधून परत न्यावे. फाटक उघडे दिसले तर उघडे, बंद दिसले तर बंद ठेवावे. दोरीचे तुकडे वेचावेत, गाई-गुरे ते गिळतात.

पैशांबद्दल सावध राहावे. कृतज्ञतेने देऊ केलेले भाडे मालकाला अडचणीत आणू शकते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत करमणुकीसाठी फुकट येऊ देणाऱ्या मालकाला अपघाताच्या दाव्यांपासून कायद्याचे संरक्षण मिळते, शुल्क घेतले की ते सहसा जाते. त्याऐवजी काम द्यावे, आणि तेही नेमके: ‘काही मदत लागली तर सांगा’ असे न म्हणता ‘ओढ्याकाठचा कचरा दोन तास उचलू’ असे म्हणावे. गट नियमित येणार असेल तर आपल्यामुळे दुसऱ्या कोणाचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा काढून त्याची प्रत चिठ्ठीला जोडावी. ‘आमची जबाबदारी आमच्यावर’ असे लिहून दिल्याने मालकाची कायदेशीर जबाबदारी सगळीच संपते असे नाही, त्यामुळे त्या एका वाक्यावर त्याला विसंबू देऊ नये.

आल्याबरोबर जागेचा एक फोटो आणि निघताना त्याच कोनातून दुसरा घ्यावा, तो मालकाला पाठवावा आणि निघालो असे कळवावे. तोच फोटो ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नये: परवानगी तिघांना होती, पुढच्या आठवड्यात तिथे तीस जण येतात आणि प्रत्येक जण ‘इथे चालते’ असे सांगतो. नकार मिळाला तर कारण उकरू नये, चिठ्ठी ठेवून आभार मानून परतावे. होकार मिळाला तरी तो त्याच तारखेपुरता, त्याच माणसांपुरता असतो. पुढच्या वेळी नवी चिठ्ठी द्यावी, आणि मधल्या काळात जमीन विकली गेली असेल तर नव्या मालकाकडे पहिल्यापासून सुरुवात करावी.

आपले,
रानमुक्कामाचे काही अभ्यासक