‘बदाम वाटून २ वाट्या’ म्हणजे नेमके किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या पुरवण्यांची जुळवाजुळव आता सुरू होत असेल, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. फराळाच्या आणि मिठाईच्या पाककृती छापताना निदान बदाम, काजू, खवा आणि साखर यांची मापं ग्रॅममध्ये द्यावीत, आणि पदार्थ झाला हे कशावरून ओळखायचं ते एका ओळीत सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी इथल्या एका ग्राहक भांडारात २६ वर्षं तराजूवर काम केलं. रवा, साखर, डाळी, दिवाळीत सुकामेवा, सगळं याच हातांनी जोखून दिलं. त्यामुळे मापाच्या बाबतीत मी जरा काटेकोर आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही, सुनेसाठी आहे.

गेल्या वर्षी तिची आमच्या घरातली पहिली दिवाळी. तिने एका पुरवणीतलं बदामाच्या वड्यांचं कात्रण जपून ठेवलं होतं. पुरवणी कुठली ते सांगत नाही, कारण सगळीकडे अशाच पाककृती येतात. त्यात लिहिलं होतं, ‘बदाम वाटून २ वाट्या, साखर २ वाट्या, थोडे दूध, वेलदोड्याची पूड. एकतारी पाक करून त्यात बदाम घालावेत, ५ मिनिटे हलवून थापावे.’ माणसं जास्त म्हणून तिने प्रमाण दुप्पट केलं. मी त्या दिवशी चकलीच्या भाजणीत गुंतले होते. तिच्यात लुडबुड नको, म्हणून ओट्याकडे फिरकलेही नाही.

अर्ध्या तासाने तिची हाक आली, ‘आई, जरा येता का?’ कढईत मिश्रण पातळच होतं. पाच मिनिटांची पंधरा मिनिटं झाली तरी गोळा होईना, म्हणून ती बिचारी हलवतच राहिली होती. मी गॅस बंद केला तोवर उशीर झाला होता. साखर पुढे गेली होती. बघता बघता सगळं असं आळलं की कालथा कढईच्या मधोमध ताठ उभा राहिला, सोडला तरी पडेना. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बदाम वाया गेले याचं तिला फार लागलं; ते तिने स्वतःच्या पगारातून आणले होते.

मी म्हटलं, रडू नकोस, आधी चूक कुठे झाली ते शोधू. घरात छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तिने वापरलेली स्टीलची वाटी पाण्याने भरून जोखली, तर १५० ग्रॅम पाणी. मग तीच वाटी एकेका जिनसाने भरत गेलो. अख्खे बदाम ९० ग्रॅम. साखर १२५ ग्रॅम. आणि मिक्सरमधून काढलेली कोरडी बदामपूड भुरभुरत भरली तर जेमतेम ६० ग्रॅम, ठोकून भरली तर ७५. म्हणजे कागदावर बरोबरीने लिहिलेले बदाम आणि साखर वजनात एकास दोन पडले होते. तिच्या कढईत पाव किलोच्या आतबाहेर बदाम आणि अर्धा किलो साखर होती. असल्या मिश्रणाचा गोळा पाच मिनिटांत कसा होणार? ती मुलगी कुठेही चुकली नव्हती. तिने छापलं होतं तसंच केलं होतं.

मग लिहिणारीचं चुकलं का? मला तसंही वाटत नाही. तिच्या मनात भिजवून, सोलून, दुधाचा शिपका देत वाटलेले बदाम असणार. ती ओली पेस्ट वाटीभर घेतली तर दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते, आणि मग साखर बरोबरीच्या आसपास येते. गोड होतात वड्या, पण होतात. सगळा घोळ ‘वाटून’ या एका शब्दाचा आहे. आमच्या सासूबाईंच्या तोंडी कुटणं वेगळं, दळणं वेगळं, भरडणं वेगळं आणि वाटणं वेगळं होतं. वाटायचं म्हणजे पाट्यावर, पाण्याचा नाहीतर दुधाचा हात लावून. ‘वाटून’ म्हटलं की ओलं, हे न सांगता कळायचं. आता चारही कामं एकच मिक्सर करतो, त्यामुळे सुनेच्या पिढीला कोरड्या पुडीलाही ‘मिक्सरवर वाटून घेतलं’ म्हणण्यात काही वावगं वाटत नाही. भाषा बदलली, तर पाककृती लिहिणाऱ्याने एक शब्द जास्त खर्चावा: ‘भिजवून वाटलेले’ किंवा ‘कोरडी पूड’.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंची वही काढली. लाल कापडी बांधणीची, शाईने लिहिलेली, तुपाच्या बोटांनी कोपरे पारदर्शक झालेले. वड्यांच्या पानावर तीनच ओळी आहेत: ‘बदाम ४ छटाक, साखर ३ छटाक, केशर. रात्री भिजवणे. गोळी हातास न चिकटे तो आटवणे.’ छटाक म्हणजे आजचे साधारण ५८ ग्रॅम आणि चार छटाकांचा पावशेर. मेट्रिक वजनं आपल्याकडे १९५८ पासून यायला लागली. त्याआधी लिहिलेल्या वहीत गोडाच्या पदार्थाचं माप वजनात आहे, वाटीत नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं. पोह्यांना, भाजीला, वरणाला त्यांनीही मूठ, चिमूट आणि वाटीच लिहिली आहे, आणि तिथे ती चालतेही. मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. साखर पुढे गेली की मागे आणता येत नाही.

त्या तीन ओळींवरून आम्ही दोघींनी पुन्हा वड्या केल्या. काय केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे एखाद्या वाचकाला करून बघता येईल.

कोरडे बदाम २५० ग्रॅम, साखर १९० ग्रॅम. बदाम साधे कॅलिफोर्नियाचेच घ्यावेत, वड्यांना महागडा मामरा लागत नाही. रात्रभर भिजवले की साल दोन बोटांत चिमटली तरी सुटते. घाई असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकूनही सालं निघतात, पण मग वाटायला दूध जास्त लागतं. सोलताना एखादा फारच छोटा किंवा वेडावाकडा बदाम दिसला तर त्याचा तुकडा चाखून बघावा. एक कडू बदाम सगळ्या वड्यांची चव घालवतो. सोललेले बदाम पंचावर पसरून वरचं पाणी टिपून घ्यायचं. लागेल तसं दूध घालत वाटायचं, चार-पाच चमच्यांवर जाऊ नये. बोटांत चोळल्यावर बारीक रव्यासारखं लागलं तरी चालतं.

या पद्धतीत पाक करावाच लागत नाही, आणि नवख्या मुलीला हे मोठं सुख आहे. पेस्ट आणि साखर जाड बुडाच्या कढईत एकत्रच घालायची. साखर विरघळली की मिश्रण आधी सैल होतं. इथे घाबरून पुन्हा बदाम किंवा दूधपावडर घालायची नाही. मंद आचेवर तळापासून हलवत राहायचं. हळूहळू मिश्रण कडा सोडायला लागतं, कालथ्याबरोबर सगळं एकदम फिरतं, आणि वर बदामाच्याच तेलाची बारीक तकाकी येते. बदामात जवळजवळ निम्मी स्निग्धता असते, म्हणून तूप चमचाभर पुरे. या टप्प्याला चिमूटभर मिश्रण बशीत काढून, निवू देऊन त्याची गोळी वळायची. बोटाला चिकटली तर अजून वेळ आहे. गुळगुळीत वळली की लगेच गॅस बंद. आमच्या शेगडीवर २२ मिनिटं लागली, तुमच्याकडे १५ लागतील किंवा ३०. म्हणून मिनिटं छापण्यापेक्षा गोळी छापावी.

मग तूप लावलेल्या ताटात काढून, हाताला सोसेल इतपत निवल्यावर दोन मिनिटं मळून घ्यायचं, जाड प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटायचं आणि कोमट असतानाच काप द्यायचे. मिश्रण कोरडं होऊन भुगा पडायला लागला तर दोन चमचे दूध घालून पुन्हा मंद आचेवर धरलं की सावरतं. वेलदोडे किंवा केशर, दोन्हीपैकी एकच काहीतरी. बदामाचं इसेन्स मात्र कृपा करून सुचवू नका. त्या बाटलीतला वास कडू बदामाच्या जातीचा असतो. आपण खातो त्या गोड बदामाला तसा वास नसतोच, आणि इसेन्सचा थेंब पडला की त्याचा स्वतःचा मंद, दुधट वास कुठल्या कुठे जातो.

ज्यांना पाकातच करायच्या असतील त्यांच्यासाठीही एक विनंती. ‘एकतारी’ एवढंच लिहून थांबू नये. अंगठा आणि बोट यांच्यात एक तार ताणली जाते, लगेच तुटत नाही, आणि थेंब आधी बशीत निववून मगच बोटात घ्यायचा, हे सांगावं. नुसत्या शब्दावर विसंबून उकळत्या पाकात बोट घालणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तार बघायला शिकवणारं माणूस आता प्रत्येक स्वयंपाकघरात असतंच असं नाही. कुणी पुण्यात दोघंच राहतात, कुणी परदेशात. तिकडे मापाचा कप २४० मिलिलिटरचा, आमची वाटी १५० ची, आणि जावेकडची आमटीची वाटी त्याहून मोठी. ग्रॅम मात्र सगळीकडे सारखा.

जागेची अडचण असते हे मला समजतं. पण मिठाईच्या पाककृतीसोबत वर्ख लावलेल्या वड्यांचा जो मोठा फोटो येतो, तो दोन बोटं लहान केला तरी या सगळ्याला पुरेल एवढी जागा निघेल. काटा नसलेल्या घरांसाठी कंसात वाटीही द्या, मात्र ती किती मिलिलिटरची ते पानाच्या वर एकदाच छापा.

फसलेला तो दगड आम्ही टाकला नाही. बत्त्याने फोडून डब्यात भरला आणि आठवडाभर रोज सकाळी एकेक खडा गरम दुधात विरघळवून घरच्यांना दिला. दुसऱ्या घाण्याच्या ३६ वड्या झाल्या. सासूबाईंच्या ओळींखाली सुनेने पेनाने लिहून ठेवलं आहे: ‘२५० / १९०. भिजवून. मिनिटं बघायची नाहीत, गोळी बघायची.’ त्या पानाची झेरॉक्स या पत्रासोबत जोडते आहे. पुरवणीत वापरावीशी वाटली तर खुशाल वापरा.

आपली नम्र,
एक जुनी वाचक, विश्रामबाग, सांगली