हॅमॉकसोबत दोरी नको, पट्टा द्या

महोदय,

थंडी पडली की कोकणातली सुरूची बनं आणि मावळातल्या धरणांचे काठ हॅमॉकनी, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायच्या कापडी झोळ्यांनी, भरतात. अनेक स्वस्त हॅमॉकसोबत पाच-सहा मिलिमीटरची नायलॉनची दोरी आणि एस आकाराचे दोन हूक मिळतात. विक्रेत्यांनी हे देणं थांबवून दोन रुंद पट्टे द्यावेत. थोडी किंमत वाढली तरी चालेल.

बारीक दोरीवर माणसाचा सगळा भार बोटभर जागेत येतो आणि झोका घेताना ती साल घासत राहते. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा दोरी आवळली की हा थर चिरडतो. तो सगळ्या बाजूंनी तुटला, तर झाड हळूहळू वाळतं. माडाला तर साल भरून येण्याची सोयच नाही, खोडावर झालेली जखम कायमची. शिवाय वरून नारळ किंवा झावळ पडू शकते, म्हणून माड टाळलेलाच बरा.

पट्टा पॉलिएस्टरचा आणि किमान 2.5 सेंटीमीटर रुंद घ्यावा. मऊ सालीसाठी 5 सेंटीमीटर. नायलॉन भिजल्यावर ताणतं आणि पहाटे पाठ जमिनीला टेकते. जुनी सुती निवार मात्र वापरू नये, ती आतून कुजलेली असली तरी दिसत नाही. सुरूला दोन मीटरचा पट्टा पुरतो, जुन्या आंब्याला तीन-चार मीटर लागतात. पट्ट्याचं टोक खोडाभोवती फिरवून दुसऱ्या टोकाच्या शिवलेल्या फाशातून ओढून घ्यावं आणि पुढच्या फाशात कॅराबिनर (स्प्रिंगने बंद होणारी धातूची कडी) अडकवावा. त्यावर किलोन्यूटनचा, म्हणजे किती भार पेलेल याचा, आकडा कोरलेला हवा. किल्ल्यांच्या जुडग्याचा कॅराबिनर नुसता दिसायला तसा, आणि एस हूक भाराखाली उघडतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती कोनात. हॅमॉक ताठ बांधला की आरामशीर होईल असं वाटतं, घडतं उलटंच. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांत असेल तर 80 किलोच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर साधारण 80 किलोचाच ताण येतो. 10 अंशांत तोच ताण सुमारे 230 किलो होतो, 5 अंशांत 450च्या वर. पट्टे तुटतात, बारकी झाडं वाकतात ती यामुळेच. अंदाजासाठी तर्जनी आडवी आणि अंगठा उभा धरा; दोन्हींची टोकं जोडणारी तिरकी रेषा साधारण 30 अंशांची. झाडांमध्ये चार-पाच मीटर अंतर असावं, पट्टा छाती-खांद्याच्या उंचीवर बांधावा. बसल्यावर बूड जमिनीपासून 45 सेंटीमीटरपेक्षा वर नको. आधी हाताने दाबून पाहावं, मग बसावं, मग आडवं व्हावं. धपकन बसलं की ताण कितीतरी वाढतो.

झाड मांडीपेक्षा जाड, जिवंत आणि वर वाळकी फांदी नसलेलं निवडावं. शेवगा, पांगारा ठिसूळ. सह्याद्रीत बिब्ब्याला तर हातही लावू नये, त्याच्या चिकाने फोड येतात. आंब्यावर पानांची शिवलेली घरटी दिसली तर तिथे हुंबील, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, आहेत, दुसरं झाड शोधा. पावसाळी रात्री पट्ट्यावरून पाणी थेट अंथरुणात उतरतं. कॅराबिनरच्या अलीकडे सुतळीचा तुकडा लोंबता बांधला की ते तिथूनच गळून जातं.

— काही डोंगरभटके, पुणे